मागे काय लावू?

नाशकात त्या दिवसांत जो कोणी वारला, तो आधी बागूल मास्तरांच्या ढगांत जायचा आणि मग आपल्या कर्माप्रमाणे जिथे जायचं तिथे. ढग ठरलेले होते. खाली पिवळसर, वर निळे, मधून एक पांढरी शिडी वर गेलेली आणि शिडीच्या टोकाला उजेड. रविवार कारंजापासून पंचवटीच्या भाजीबाजारापर्यंत कुठल्याही चौकात श्रद्धांजलीचा फलक दिसला, की गेलेला माणूस कोण हे वाचायच्या आधी मला शिडी ओळखू यायची. माझ्या सख्ख्या मामांच्या फलकावरही तीच होती. मामांचे गुडघे गेलेले. जिना चढायचा म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचे. मी मास्तरांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "ताई, तिथे गुडघे नसतात," आणि पुढच्या कामाला लागले.

चिंतामण बागूल हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे सटाण्याकडचे, पण निम्मं आयुष्य देवळाली कॅम्पात गेलेलं. मेन रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं जाहिरातीचं दुकान होतं. मालक उपासनी साहेब. नव्वदच्या दशकात मी तिथे लागले तेव्हा आम्ही हँडबिलं छापायचो, स्थानिक केबलवर सिनेमाच्या मधे दाखवायच्या पाट्या करायचो, आणि पुढे फ्लेक्स आल्यावर शहरातली एकही भिंत मोकळी दिसू नये म्हणून झटायचो. जाहिरातीचा मजकूर मी लिहायचे आणि तपासायचे. मास्तरांचं काम एवढंच, की त्या मजकुराच्या, मालाच्या किंवा माणसाच्या मागे चित्र कुठलं लावायचं ते ठरवायचं. म्हणजे माझी अक्षरं त्यांच्या चित्रावर पडायची आणि भांडण रोजचं होतं.

मास्तर बोलताना समोरच्याकडे बघायचे नाहीत. त्याच्या उजव्या खांद्यावरून मागे बघायचे. पहिल्या आठवड्यात मी कितीदा तरी वळून पाहिलं, मागे कुणी येऊन उभं राहिलंय का म्हणून. मग लक्षात आलं, की ते माझ्यामागची भिंत तपासतायत. "ताई, तिथे नका बसू. मागे केरसुणी येतेय." आमच्याकडे फोटो काढायला कुणी आलेलं नसे, कॅमेरा कपाटात बंद असे, तरी माझ्यामागे केरसुणी आलेली त्यांना खपायची नाही. लग्नाला जायचे ते नवरानवरीच्या मागचा थर्माकोलचा मोर बघायला. उपासनी साहेबांच्या पुतणीच्या लग्नाहून परत आले तेव्हा मी विचारलं, "मुलगा कसा आहे?" म्हणाले, "मोर मानेत जरा जाड झालाय."

उंच, वाळलेले, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे यांचा ब्रश. कॉम्प्युटर येऊन वर्षं झाली तरी ब्रश तिथेच. सहीसाठी पेन माझं मागायचे आणि परत द्यायला विसरायचे, पण तो ब्रश त्यांनी कधी कुणाच्या हातात दिल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक जिना चढून आलं, की त्याला पाणी विचारायच्या आधी ते एक प्रश्न विचारायचे: "मागे काय लावू?" गिऱ्हाईक बिचारं साड्यांचा सेल लागलाय हे सांगायला आलेलं असायचं. मागे काहीतरी लागतं हेच त्याला ठाऊक नसायचं. पाच मिनिटांत मास्तर त्याला पटवून द्यायचे, की आजवर धंदा बसलाय तो मागे काही नसल्यामुळेच.

"माणूस पुढे असतो, ताई, पण बघणारा मागे बघतो," हे त्यांचं ब्रीद. आणि माझ्या मजकुराबद्दलचं मत असं, की अक्षरं म्हणजे चांगल्या पडद्यावर येऊन बसलेल्या माश्या. शक्य तेवढ्या कमी बसाव्यात. मी हळदीकुंकवाच्या साड्यांसाठी चार ओळी लिहिल्या, तर हे त्यामागे धबधबा लावायचे आणि माझी तिसरी ओळ फेसात वाहून जायची. तक्रार केली तर म्हणायचे, "वाचून कोण साडी घेतं?"

या सगळ्या ब्रह्मज्ञानाचा उगम देवळालीत होता. तिथल्या एका फोटो स्टुडिओत मास्तर पडदे रंगवायचे. तोफखान्यात शिकायला आलेले जवान घरी पाठवायला फोटो काढून घ्यायचे. त्यांच्यासाठी चार पडदे होते: ताजमहाल, विमान, काश्मीरचे बर्फाचे डोंगर आणि कारंज्याची बाग. चारही मास्तरांच्या हातचे. एकदा एक जवान आला. दोन वर्षं बर्फात काढून आलेला. स्टुडिओवाल्याने सवयीने त्याच्यामागे बर्फाचे डोंगर सोडले, तर तो मागे न बघताच म्हणाला, "उस्ताद, बर्फ मत लगाना. माँ देखेगी." मास्तरांनी डोंगर गुंडाळला आणि कारंज्याची बाग सोडली. महिन्याने त्याचं स्टुडिओच्या पत्त्यावर पत्र आलं. आई तो फोटो गावभर दाखवत हिंडत होती आणि सांगत होती, माझ्या पोराची ड्यूटी बागेत आहे.

ही गोष्ट मी दहा-अकरा वेळा तरी ऐकली असेल. पहिल्या वेळी तो साधा शिपाई होता. पुढे नाईक झाला, हवालदार झाला, आणि मास्तर दुकान सोडेपर्यंत सुभेदार होऊन पेन्शनीला लागला होता. पण पत्रातलं वाक्य मात्र मास्तरांनी कधी बदललं नाही. ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा आणि सटाण्याची बोली डोकं वर काढायची. एरवी ते नाशिककरांसारखं शुद्ध बोलायचा आव आणायचे.

त्यांचे सगळेच निर्णय असे कुणाच्या आईला समाधान देणारे नव्हते. नगरसेवक व्हायची घाई झालेला एक पुढारी वाढदिवसाच्या फलकासाठी आला. त्याला मागे वाघ हवा होता. मास्तर म्हणाले, वाघ सगळेच लावतात, आणि त्यांनी धबधबा लावला. फलक शालिमार चौकात चढल्यावर दिसलं, की पाण्याची धार नेमकी साहेबांच्या डोक्यातून निघालीय. दुपारपर्यंत अख्खं शालिमार त्याला गंगाधर म्हणायला लागलं. तो तावातावाने वर आला. मास्तर त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत शांतपणे म्हणाले, "शंकराच्या डोक्यातून निघते तेव्हा हात जोडताच ना?" पुढे तो निवडणुकीत पडला. मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं, की मजकुरामुळे पडला.

आमच्याकडे कामाची एक पद्धत होती, ती इथेच सांगून टाकते, कारण पुढे तिने घात केला. नवीन फलक कुणी नव्याने करायचा नाही. जुनी फाइल उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, छपाईला सोडायचं. एकदा अशीच घाईत भलती फाइल उघडली गेली आणि साखरपुड्याच्या फलकावर मागे ढग आणि शिडी आली. शिडीच्या पायथ्याशी मुलगा-मुलगी हसत उभी. मुलीचे वडील फलक बघून एवढंच म्हणाले, "हे दोघं चाललेत कुठे?" त्या दिवशी मास्तर खरे चिडले. ढग त्यांचे होते, पण तिथे त्यांनी लावले नव्हते. "चित्र चुकीचं नसतं ताई, जागा चुकते," असं ते दिवसभर पुटपुटत होते. आम्ही सगळे तोंडावर हात ठेवून हसत होतो.

मग साहेबांचा मुलगा निखिल पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि येताना सीडींचा एक संच घेऊन आला. त्यात जगातली सगळी चित्रं होती. समुद्र, गुलाब, वाघ, ढग, आगीचे लोळ, सगळं क्रमांकानिशी. निखिलने एक यादी टाइप करून भिंतीवर लावली: लग्नाला गुलाब, क्लासला ग्रंथ आणि दिवा, पुढाऱ्याला सिंह, मयताला ढग. यादी लावून तो मास्तरांच्या खुर्चीकडे बघत साहेबांना म्हणाला, "आता निवडायला वेगळा माणूस कशाला लागतो?"

मास्तरांची ती खुर्ची खिडकीशी होती. साधी लोखंडी, वेताची वीण सुटत आलेली. तिच्यावर बसून ते तासन् तास एकेक चित्र बघायचे आणि 'नाही' म्हणायचे. हेच त्यांचं काम, आणि हे काम आहे असं मानणारं नाशकात बहुधा एकच दुकान होतं. ब्रश आता कुणाला नको होता. सीडीने निवडही घेतली, तर मास्तरांजवळ उरणार काय, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही. यादी लावली त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला ती यादी हसत हसत सांगितली, हेही कबूल करते.

साहेबांना ना मुलाला तोडता येईना, ना मास्तरांना. त्याच सुमारास निफाडचे दौलतनाना आले. त्यांची द्राक्षाच्या कलमांची नर्सरी होती आणि निफाडच्या रस्त्यावर त्यांना मोठा फलक हवा होता. निखिल सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, नानांचं काम तुम्ही निवडा. चाललं तर खुर्ची तुमची. नाही चाललं तर आराम करा." साहेब पंख्याकडे बघत राहिले. मास्तर निखिलच्या खांद्यावरून त्याच्यामागच्या यादीकडे बघत म्हणाले, "चालेल."

आता इथे कुठलाही शहाणा माणूस जपून पाऊल टाकेल. मास्तरांनी निखिलच्याच सीडीतून एक चित्र निवडलं. परदेशातली द्राक्षबाग. हिरवी टेकडी, तिच्यावर विंचरल्यासारख्या वेलींच्या रांगा, लांब एक किल्ला, आणि किल्ल्यामागे बर्फाचे डोंगर. मी म्हटलं, "मास्तर, निफाडला बर्फ?" ते म्हणाले, "निफाडवाल्याला निफाड कशाला दाखवायचं? तो राहतोच तिथे." फलक चढला. निखिलसुद्धा म्हणाला, की झकास दिसतोय.

तिसऱ्या दिवशी दौलतनाना जिना चढून वर आले. ते रागावले की आवाज आणखी हळू व्हायचा.

"मास्तर, लोक फलकाखाली गाड्या थांबवायला लागलेत."

"बघा, म्हटलं होतं ना."

"हासायला थांबतेत. ही बाग मांडवाची नाय. वेल कंबरेच्या खाली हाय. आमचे लोक इचारतेत, नाना, छाटणी काय रांगत करायची का? आन् घड काळे. माझी कलमं थॉमसनची, हिरव्या घडाची. काल एक जण म्हणाला, नाना, कलमं तुमची हायत का इंग्रजाची?"

आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. आम्हाला द्राक्षं दिसली होती. निफाडच्या माणसाला मांडव नसलेला दिसला, वेलीची उंची दिसली, घडाचा रंग दिसला. म्हणजे मास्तरांचंच म्हणणं खरं होतं. बघणारा मागेच बघत होता. पण हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती. निखिलने फक्त खुर्ची खिडकीपासून थोडी सरकवून तिथे प्रिंटर मावतो का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानाचा कॅमेरा घेऊन एसटीने निफाडला गेले. नानांच्या बागेत दिवसभर फिरले, परतले तेव्हा कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. फोटो उत्तम आले होते. खरा मांडव, पानांतून खाली उतरलेलं ऊन, हिरवे घड. मी पहिल्यांदाच त्यांना म्हटलं, "मास्तर, हे बरोबर." ते लाजले. नानांना बोलावून फोटो दाखवले. नाना बराच वेळ बघत राहिले.

"हे काय हाय?"

"तुमची बाग, नाना."

"ते दिसतंय मला. ठिबकची नळी दिसते, औशिदाचे डाग दिसतेत, आन् ही पाटी घेऊन चाललेली माझी चुलती हाय. हे मी रोज फुकट बघतो. याच्यासाठी तुमच्याकडं कशाला येऊ?"

मास्तर त्या दिवशी खुर्चीवर बसले नाहीत. माडीच्या मागच्या बाजूला रद्दी आणि जुने बांबू ठेवायची खोली होती, तिथे जाऊन त्यांनी मांजरपाटाचा मोठा तुकडा भिंतीवर ठोकला आणि खिशातला ब्रश बाहेर काढला. चार दिवस ते त्या खोलीत होते. चहा दाराशी ठेवायचा, आत यायचं नाही. पाचव्या दिवशी आम्ही बघायला गेलो. पडद्यावर निफाडचा मांडव होता, थॉमसनचे हिरवे घड होते, पानाची प्रत्येक शीर जागेवर. नळी नव्हती, डाग नव्हते, चुलतीही नव्हती. आणि मांडवाच्या पलीकडे, जिथे खरं तर उसाचं शेत असतं, तिथे बर्फाचे डोंगर उभे होते. देवळालीचेच ते डोंगर. सुभेदाराला नको होते तेच.

नाना पडद्यासमोर उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता संपलं.

"हां," नाना म्हणाले. "ही माझी बाग."

बर्फाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. निफाडच्या रस्त्यावर फलक लागला तेव्हा तिथेही कुणी काढलं नाही. मांडव बरोबर आहे, घड बरोबर आहेत, मग मागे हिमालय आला तर आला. लोक गाड्या थांबवून फलकासमोर फोटो काढायला लागले. मागच्या बाजूला दोन पावलांवर स्वतःची खरी बाग असलेले लोक तिच्याकडे पाठ करून त्या फलकासमोर उभे राहायचे. कलमं पावसाळ्याआधीच संपली. मास्तर मला म्हणाले, "पुढे आपलं लागतं, ताई. मागे दुसऱ्याचं." मला ते तेव्हा थापेबाजीचं वाटलं. अजूनही पुरतं पटलेलं नाही, पण माझ्या हॉलमध्ये समुद्राचं चित्र आहे आणि मी आयुष्यात दोनदा समुद्र पाहिलाय.

खुर्ची राहिली. प्रिंटर दुसरीकडे गेला. निखिलने पडद्याचा चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून तो कॉम्प्युटरमध्ये घातला आणि फाइलला नाव दिलं 'निफाड एक'. मास्तरांना त्याचा अभिमान वाटला. आपलं चित्र सीडीतल्या चित्रांच्या पंगतीला बसलं म्हणून त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. मग ते चित्र खतांच्या जाहिरातीत आलं, मंगल कार्यालयाच्या आलं, इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्याही आलं. यादीत एक ओळ वाढली: शेतीला निफाड एक. एकदा काढलं, की पुन्हा मास्तरांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं काम संपवलं होतं आणि वर पेढे वाटले होते. हे मला दिसत होतं. मी पेढा खाल्ला.

पुढची काही वर्षं अशीच गेली. मग निखिलने जाहीर केलं, की फ्लेक्सचे दिवस भरले. पोरं इंटरनेटवर एकमेकांना भेटतात, गप्पा मारतात, फोटो टाकतात, त्या पानांच्या कडेला आता जाहिरात लावायची. जाहिरात काडेपेटीएवढी. तिच्यात वस्तू एक, ओळ एक आणि मागे पांढरं. "पांढऱ्यावर उठून दिसतं," निखिल म्हणाला. पहिली काडेपेटी कॉलेज रोडच्या एका चपलांच्या दुकानाची होती. माझी ओळ पहिल्यांदाच, कुठल्याही धबधब्यात न बुडता, स्वच्छ काळ्या अक्षरांत दिसली. मला फार बरं वाटलं. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

मास्तर कॉम्प्युटरसमोर वाकून उभे होते. चपलेकडे नाही, ओळीकडे नाही, त्या पांढऱ्याकडे बघत होते. त्यांना काय झालं म्हणून मी विचारलं. ते एकदम बोलीत गेले.

"धवळं म्हणजे मांगे कोणीच नही, ताई."

मी म्हटलं, "मास्तर, चप्पल आहे ती. तिच्यामागे कोण असायला हवं?" सगळे हसले. मास्तरही हसल्यासारखे झाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. त्यांच्या बाजूने बोलायची तीच एक वेळ होती आणि मी ती विनोदात घालवली.

महिन्याभरात त्यांचा निरोप समारंभ ठरला. शाल, श्रीफळ, माडीवरच छोटं स्टेज, आणि स्टेजमागे फलक हवाच. निखिलने घाईत सांगितलं, मास्तरांचा फोटो टाकून एक करून टाका. पद्धतीप्रमाणे जुनी फाइल उघडली गेली. वयस्कर माणूस, गोल चौकटीत फोटो, वर एक ओळ, असं तयार जे होतं ते. 'भावपूर्ण श्रद्धांजली' खोडून तिथे 'भावपूर्ण निरोप' केलं. प्रूफ माझ्याकडे आलं. मी अक्षरं वाचली. नाव बरोबर, वेलांट्या बरोबर. मी सही केली.

समारंभाला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून जिना चढले. आम्ही सगळे स्टेजकडे पाठ करून, टाळ्या वाजवत त्यांच्या स्वागताला उभे. ते सवयीने आमच्या खांद्यांवरून मागे बघायला लागले आणि दारातच थांबले. तेव्हा आम्ही वळून पाहिलं. पिवळसर-निळे ढग, मधून वर गेलेली शिडी, आणि शिडीच्या पायथ्याशी गोल चौकटीत बागूल मास्तर. टाळ्या एकेक करून थांबल्या. साहेबांनी निखिलकडे पाहिलं, निखिलने माझ्याकडे.

मास्तरांनी शिडी खालपासून वरपर्यंत नीट पाहिली.

"ढग राहू द्या," ते म्हणाले. "शिडी तेवढी काढा. मला अजून गुडघे आहेत."

कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, शाल दिली, नारळ दिला, निखिलने मास्तरांच्या कलेवर भाषण केलं. मी मास्तरांजवळ जाऊन म्हटलं, "माझी चूक झाली. मी फक्त अक्षरं वाचली." मास्तर म्हणाले, "मग काय. तुमचं काम तेच होतं." माझ्या मजकुरावर एवढं बोचरं त्यांनी आजवर काही म्हटलं नव्हतं, आणि त्यांना तसं म्हणायचंही नव्हतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी त्यांची गाठ पडली ती अखेरची. लेक परदेशी गेली होती, मला तिच्याकडे जायचं होतं आणि पासपोर्टला फोटो हवा होता. देवळाली कॅम्पात बहिणीकडे गेले असताना बाजारात एक अरुंद स्टुडिओ दिसला म्हणून शिरले. आत भिंतीला एक जुना रंगीत पडदा कायमचा ठोकलेला. कारंज्याची बाग. कारंज्याचं पाणी पिवळं पडलेलं, गुलाब विटलेले. मी ओळखलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, तिथे उभ्या राहू नका, मागे मीटर येतोय."

आणखी वाळले होते. खिशात ब्रश नव्हता. मी काय करता म्हणून विचारलं तर म्हणाले, "पडदा धरतो." मला समजलं नाही. मग स्टुडिओवाल्याने मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "पासपोर्टला पांढराच लागतो." मास्तरांनी एक पांढरी चादर उचलली, माझ्यामागच्या स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी ती वर धरून उभे राहिले. चादरीमागे त्यांची बाग झाकली गेली, आणि तेही.

मला खूप बोलायचं होतं. त्या दिवशी चपलेवरून केलेल्या विनोदाबद्दल, पेढ्याबद्दल. पण स्टुडिओवाला म्हणाला, बोलू नका, तोंड हलतं. डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाला, पाणी चालणार नाही. मी नाक ओढलं आणि खांदे हलले.

चादरीमागून आवाज आला. "हालू नका, ताई. मी शे ना मांगे."

आठ फोटो मिळाले. अर्जाच्या खिडकीवरच्या माणसाने पहिलाच उचलून उजेडाकडे धरला. वरच्या कडेला, माझ्या डोक्याच्या उजवीकडे, चादर धरलेली दोन बोटं आली होती. नखांच्या कडेला जुना हिरवा रंग.

"मागे कुणीतरी दिसतंय," तो म्हणाला. "असा चालत नाही. दुसरा आणा."

मी बाहेर आले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरा काढून घेतला. पासपोर्टात तोच आहे. त्यात माझ्यामागे कोणीच नाही.